बेचाळिसावा रन

नेरिडा हॅसलमने ग्लेनिस ट्रेविनला कधी पाहिलं नव्हतं. पण रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास रेडिओतून ग्लेनिसचा आवाज आला, की नेरिडाच्या हातातली पेन्सिल कागदात रुतायची. एप्रिलपासून तिने तीन पेन्सिलींची टोकं मोडली होती.

शाळाच तशी होती. वर्गात चोवीस मुलं, आणि एकाच्या शेजारी दुसरं नाही. नेरिडाची वस्ती, म्हणजे मेंढ्यांच्या कुरणातलं एकटं घर, टिंडारा, गावापासून एकशे चाळीस मैलांवर. सगळ्यात जवळचे शेजारी चाळीस मैलांवर. गावात एका काचेच्या खोलीत मिस पेनरोज माइकपुढे बसायच्या आणि हजेरी घ्यायच्या. मुलं आपापल्या घरी, कुणी व्हरांड्यात, कुणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, रेडिओसमोर वही उघडून बसायची. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका वेळी एकानेच बोलायचं आणि बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं. पण ऐकायचे मात्र सगळे. मुलांच्या आया ऐकायच्या, ट्रकखाली झोपून काम करणारे मेकॅनिक ऐकायचे, विमानातून फिरणारा डॉक्टरसुद्धा मध्येच ऐकायचा. “हवेला कुंपण घालता येत नाही,” असं नेरिडाचे बाबा म्हणत, आणि ते स्वतः आयुष्यभर कुंपणंच घालत आले होते.

वर्ष सुरू झालं तेव्हा मिसनी एक खेळ काढला होता.

“मुलांनो, आपल्या भाषेत एक शब्द आहे, बिचारा फार राबतो. तीनच अक्षरांचा. पळणाऱ्या माणसालाही तोच आणि वाहणाऱ्या नाकालाही तोच. ओळखा पाहू.”

तो शब्द होता इंग्रजीतला ‘रन’, आर-यू-एन. मराठीत भूक, ठेच, वेड, आग आणि परीक्षेचा निकाल, सगळं एकट्या ‘लागणे’ला ओढावं लागतं ना, तसंच त्या लोकांकडे ‘रन’चं. क्रिकेटमधला रन तर आपल्याकडेही आला, पण तो त्या झाडाचं एकच पान.

“हा शब्द किती प्रकारांनी वापरतात ते गोळा करायचं,” मिस म्हणाल्या. “मात्र शब्दकोश कपाटात. पुस्तकातला शब्द झोपलेला असतो, मला जागे शब्द हवेत. तुमच्या स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा. कुणी म्हटलं आणि कधी म्हटलं, दोन्ही सांगायचं. ऑगस्टमध्ये सगळे गावात जमू, तेव्हा ज्याचे जास्त, तो माझ्या खुर्चीत बसेल आणि आपली यादी सगळ्यांना वाचून दाखवेल.”

मिसची खुर्ची! रेडिओच्या खोक्यात राहणाऱ्या आवाजांपैकी एका आवाजाला ती खुर्ची म्हणजे काय वाटत असेल, याचा अंदाज मोठ्या माणसांना यायचा नाही. त्या खुर्चीत बसणारा बटण दाबतो आणि साऱ्या मुलखाने कान टवकारायचे. नेरिडा अकरा वर्षांची होती. रात्री डोळे मिटले की तिला ती खुर्ची दिसायची. तिने खुर्चीचा फोटोसुद्धा पाहिलेला नव्हता, तरी दिसायची, आणि नेहमी हिरव्या गादीची.

ती जिद्दीने कामाला लागली. आई पिठाच्या डब्यात हात घालून म्हणाली, पीठ संपलं, तो एक रन. आईने शिलाईयंत्रावर अर्ध्या तासात फ्रॉक शिवून काढला, तो दुसरा. लाल मोज्याचा रंग पांढऱ्या चादरींवर उतरला, तिसरा. धाकट्या भावाचं नाक, चौथा. टपालवाल्याची मंगळवारची फेरी, कुत्र्यांचं जाळीचं आवार, बाबांच्या जमिनीवर सहा हजार मेंढ्या चरतात ते चरणं, आणि तीन-चार वर्षांतून एकदाच ओढ्याला पाणी येतं, ते येणं. एप्रिलपर्यंत तिच्या खात्यात सव्वीस झाले. दुसऱ्या नंबरच्या मुलाकडे अकरा.

प्रत्येक रनला मिस म्हणायच्या, “वा, नेरिडा!” तो ‘वा’ जरा लांबट असायचा. नेरिडा वहीच्या समासात त्याच्यासाठी एक रेघ ओढायची.

एप्रिलमध्ये एक नवा आवाज आला. जाडसर, मुलाचा म्हटला तरी चालेल असा.

“मिस, मी ग्लेनिस ट्रेविन. माझे बाबा लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीचे स्वयंपाकी आहेत. आमची वस्ती नाही, ट्रक आहे. रेडिओ ट्रकच्या बॅटरीला लावलाय. बाबांनी गाडी सुरू केली की मी गप्प होईन, ओव्हर.” आणि ती हसली. हसू पुरं व्हायच्या आत तिने बटण सोडलं, त्यामुळे हसूचं शेपूट कापलं गेलं.

तिला खेळ सांगण्यात आला. ती लगेच म्हणाली, “मिस, एक तर आताच आहे. कातरणाऱ्यांचा दिवस चार रनचा असतो. घंटा ते घंटा, दोन तासांचा एक रन. बाबा आज सकाळीच म्हणाले, पहिला रन संपायच्या आत केक भट्टीतून निघाला पाहिजे. ओव्हर.”

“वा, ग्लेनिस!”

तोच ‘वा’. तसाच लांबट.

नेरिडाला वाटलं, कुणीतरी आपल्या ताटातून घास उचलला. आणि त्यात वाईट असं, की टिंडाराला दर वर्षी कातरणारे येत. दर वर्षी लोकर कातरायच्या शेडमध्ये घंटा वाजे. दर वर्षी ती माणसं हिच्या नाकासमोर पहिला रन, दुसरा रन म्हणत आणि हिच्या कानांनी ते कधी उचललं नव्हतं. घरात पडलेली वस्तू बाहेरची येऊन घेऊन गेली.

त्यानंतर ग्लेनिस थांबलीच नाही. तीस माणसांना वाढणारी पोर ती. एकाचं नशीब सलग फुटकं चाललेलं, तोही रन. एकजण पोलिसांपासून लपून फिरत होता, तोही रन. (“त्याचं नाव सांगू नकोस हं, ग्लेनिस,” मिस घाईघाईने म्हणाल्या.) कुणाला ताप चढला, कुणी निवडणुकीला उभा राहणार होता, कुणाची जीभ कारणाशिवाय चालत होती. सगळे रन. मे महिन्यात तिचे एकोणतीस झाले.

“मधमाशी चावल्यासारखं तोंड का केलंयस?” आईने एकदा विचारलं.

“काही नाही.”

“त्या स्वयंपाक्याच्या लेकीने पुन्हा काहीतरी आणलं वाटतं.”

“ती बटण सोडायच्या आधी हसते. किती वाईट सवय आहे! मिस तिला काही बोलत नाहीत.”

“अगं, ती दिवसभर तीस माणसांत वावरते. तू असतेस माझ्यात, बाबांत आणि सहा हजार मेंढ्यांत. मेंढ्या काही बोलत नाहीत.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून आणखी झोंबलं. त्या मुलखात लोक ढग यावेत म्हणून देवाची आळवणी करतात, पावसासाठी. नेरिडाही ढगांसाठी आळवणी करू लागली. वीज चमकली की रेडिओत खरखर व्हायची, आणि खरखरीत ग्लेनिसचा आवाज बुडायचा. एकदा तसं झालंही. मिस तीनदा म्हणाल्या, “ग्लेनिस, पुन्हा सांग, पुन्हा सांग,” आणि नेरिडा त्या खरखरीकडे गाणं ऐकावं तशी कान लावून बसली. पण दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र. ग्लेनिसने कालचा एक आणि आजचा एक, असे दोन एकदम सांगितले.

टिंडाराला क्लॅरी नावाचा म्हातारा गडी होता. नेरिडा त्याच्या मागे लागली.

“क्लॅरी, काहीतरी बोल ना.”

“काय बोलू?”

“काहीही. पण त्यात रन घाल.”

क्लॅरीने खोगिराला तेल लावणं थांबवलं नाही. “शब्द मांजरासारखा असतो, पोरी. हाक मारलीस की पलंगाखाली जाऊन बसतो.”

“मग करू काय?”

“कर दुर्लक्ष. येईल मांडीवर.”

पण दुर्लक्ष करायला वेळ कुठे होता? जुलै उजाडला. नेरिडा एकेचाळीस, ग्लेनिस एकेचाळीस. दोन आठवडे कुणालाच नवा मिळेना. साऱ्या मुलखात लोक रेडिओभोवती जमून ऐकू लागले होते. टपालवाला म्हणाला, दोन ठिकाणी पैज लागलीय. नेरिडाने विचारलं, कुणावर? टपालवाला पत्रांची पिशवी उचलून म्हणाला, “मला उशीर होतोय.”

त्याच दुपारी ती व्हरांड्यात बसली होती. सपाट तांबडी जमीन, आणि पार टोकाला, जिथे आकाश टेकतं तिथे, धुळीचा एक बारीक तुरा उभा राहिला. कुणीतरी येत होतं. गाडी दिसायला अजून वेळ होता, दारात यायला अर्धा तास. त्या मुलखात पाहुणा असाच येतो, आधी धूळ, मग गाडी, मग माणूस. आई आतून चहाची किटली ठेवते ती धुळीवरूनच.

गेल्या वर्षापर्यंत ती धूळ सगळ्यात आधी दिसायची ती नेरिडाच्या आजोबांना. घरात त्यांना सगळे पॉप म्हणत. पॉप इथेच बसायचे. काही बोलायचे नाहीत, नुसतं एक बोट वर करायचे, की आई किटली ठेवायची. गेल्या जुलैत पॉप गेले.

त्या धुळीला काही नावच नाही, नेरिडाच्या मनात आलं. आणि मग पुढचं मनात आलं. ते आलं तेव्हा तिचे कान गरम झाले, त्यावरूनच तिला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटण दाबलं. “मिस, माझे पॉप म्हणायचे. क्षितिजावर येणाऱ्या गाडीची धूळ दिसली ना, की म्हणायचे, ‘रन उठलाय, किटली ठेवा.’ त्या धुळीला ते रन म्हणायचे. ओव्हर.”

रेडिओत नुसती हवा वाजत होती.

“नेरिडा,” त्या म्हणाल्या, “मी या मुलखात नऊ वर्षं आहे. त्या धुळीला काय म्हणायचं, हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं. आतापर्यंतचा हा सगळ्यात सुंदर. बेचाळीस. वा!”

नेरिडाने समासात रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

आता रेडिओवर बोललेली गोष्ट म्हणजे हवेला दिलेली गोष्ट. सकाळचा रेडिओवरचा वर्ग संपला की दहा वाजता सगळ्या वस्त्यांवरच्या बायका रेडिओवर गप्पा मारत. त्या तासाला सगळे ‘काकाकुव्यांचा तास’ म्हणत. चारच दिवसांत यांडरूच्या बॅगटबाईंचा आवाज आला, “अगं काल दुपारी रन उठला, मी आपली धावत स्कोन भट्टीत टाकले, नवरा येतोय म्हणून. आणि आलं कोण? मेंढ्यांच्या उवा तपासणारा साहेब! सगळे स्कोन खाऊन वर म्हणतो, मीठ कमी आहे. ओव्हर.” कुणी म्हणालं, “माझ्याकडे दोन रन एकदम उठले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मी आधी केस विंचरले.” आठ दिवसांत डॉक्टरसुद्धा विमानातून म्हणाला, की खाली रन उठलेला दिसतोय, रुग्णाला घेऊन निघालेत वाटतं.

आई एक दिवस भांडी पुसता पुसता म्हणाली, “पॉप असं म्हणायचे? मी कधी ऐकलं नाही.”

“माझ्याशी म्हणायचे,” नेरिडा म्हणाली.

“असेल. माझ्याशी मेले चार शब्द बोलले असतील उभ्या जन्मात.”

बाबा टेबलाशी बसून सुरीला धार लावत होते. ते म्हणाले, “म्हणायचे की. त्या खुर्चीत बसून. रन उठलाय.” त्यांनी सुरी खाली ठेवली. “मी पार विसरून गेलो होतो बघ. तू आठवण करून दिलीस, तर आता त्यांचा आवाजच ऐकू येतोय.” आणि ‘मेंढ्यांना पाणी देतो’ म्हणत ते उठून बाहेर गेले. मेंढ्यांना पाणी द्यायची ती वेळ नव्हती.

नेरिडाला वाटलं, बाबांना हाक मारावी. पण रेडिओ शेजारीच होता, आणि बेचाळीस हा आकडा एकेचाळिसापेक्षा मोठा होता.

ग्लेनिस आता भांडेल, म्हणेल की हे कसलं, कुणी ऐकलंय, याची नेरिडा वाट पाहत होती. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तिने मनात उत्तरंही तयार ठेवली होती. ग्लेनिस म्हणाली, “मिस, आमच्या शेडमध्ये आता सगळेच रन उठलाय म्हणतात. वुली म्हणून एक म्हातारा आहे, तो शपथेवर सांगतो, त्याचा बापसुद्धा असंच म्हणायचा. हा माझ्या यादीत धरू नका हं, हा नेरिडाच्या पॉपचा. मला असे पॉप असते तर फार बरं झालं असतं. ओव्हर.” या वेळी ती हसली नाही.

म्हणजे हिला चांगलंही वागता येत होतं! नेरिडाने चौथी पेन्सिल मोडली.

ऑगस्टमध्ये चोवीस मुलं गावात जमली. आठवडाभर सगळी शाळेच्या दालनात गाद्या टाकून राहायची. पहिल्या दिवशी कुणी कुणाला ओळखायचं नाही. मग एखाद्याने तोंड उघडलं की दुसरा ओरडायचा, “अरे, तू मॅल्कम!” नेरिडाने एका लांब ढांगांच्या, मोठ्या हातांच्या मुलीला दाराशी पाहिलं. केस भावाने कापल्यासारखे, मनगटावर भट्टीच्या दाराचे जुने चटके. ती आचाऱ्याला म्हणत होती, “तुमचे बटाटे जास्त शिजताहेत,” आणि नेरिडाने तो जाडसर आवाज ओळखला.

तिने मनातल्या ग्लेनिसला नीटनेटकं, रिबिनी बांधलेलं केलं होतं. तिचा हेवा करायला सोपं जात होतं. या ग्लेनिसचा हेवा करायचा तरी कुठून धरून? पण दिवसाच्या शेवटी तेही जमलं. सगळी मुलं तिच्याच भोवती. लहानगे तिच्या हाताला लोंबकळत होते.

बुधवारी ग्लेनिस आपणहून नेरिडाजवळ येऊन बसली. “तुला एक द्यायचंय,” ती म्हणाली आणि तिने वही काढली. पिठाचे डाग पडलेली वही. एकेका रनपुढे कोण, कुठे, कधी. काही ओळी खोडलेल्या.

“हे काय खोडलंयस?”

“ते धरले नाहीत. मला खात्री नव्हती त्या माणसाने म्हटलं की मीच अर्धवट झोपेत ऐकलं. पहाटे चारला उठते ना मी.”

नेरिडाने मोजलं. खोडलेले पाच होते. त्यातला एक जरी धरला असता तर बरोबरी झाली असती, दोन धरले असते तर खुर्ची.

“आणि हे तुझं,” ग्लेनिसने वहीचं शेवटचं पान फाडलं. वर लिहिलं होतं, ‘नेरिडाचे पॉप’. खाली अकरा नावं. वुली, बेट्स, दोघे जुळे भाऊ, एक ट्रकवाला... कुणी कोणत्या दिवशी ‘रन उठलाय’ म्हटलं ते तारखेसकट. “म्हटलं, तुझे पॉप गेलेत, तर तुला कळावं कोण कोण त्यांचा शब्द बोलतंय ते.”

नेरिडाने पान घेतलं. ‘थँक्यू’ म्हणाली. आणि मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीआड जाऊन उभी राहिली.

तिला रडू आलं नाही. संताप आला. ही मुलगी माझं खोटंसुद्धा माझ्यापेक्षा नीट जपते! मिसचा ‘वा’ तिने घेतला, लहान मुलं घेतली, आणि आता खरेपणाही तिचाच. खुर्चीत मी बसणार आणि त्या खुर्चीत बसून मला ठाऊक असणार, की खाली बसलेली माझ्यापेक्षा वरचढ आहे. नाही. निदान एवढ्यात तरी हिच्या मागे राहायचं नाही. माणूस दरवेळी चांगलं काम चांगल्या कारणानेच करतो असं नाही. नेरिडा त्या दिवशी खरं बोलायला निघाली ती निव्वळ जळफळाटाने.

मिस पेनरोज फळा पुसत होत्या. नेरिडा दारातूनच म्हणाली, “पॉप काही म्हणायचे नाहीत. नुसतं बोट वर करायचे. ते मी रचलं.”

मिसनी फळा पुसून पुरा केला. मग हात झटकले. “बस. कधीपासून पोटात आहे हे?”

“जुलैपासून.”

“मग दुखत असेल.” त्या रागावल्याही नाहीत आणि त्यांनी जवळही घेतलं नाही. म्हणाल्या, “बरं, आपण नियम बघू. नियम काय होता?”

“कानाने ऐकलेला हवा.”

“तू सांगितलास तेव्हा तू तो ऐकला होतास?”

“नाही.”

“मग तुझे एकेचाळीस. पण नेरिडा, आज तो शब्द खोटा आहे का? मी स्वतः परवा म्हणाले, रन उठलाय. डॉक्टर म्हणाला. खोटं होतं ते तू पॉपच्या तोंडी घातलंस ते. शब्द आता चालता झालाय, त्याला परत पेटीत घालता येणार नाही.” त्यांनी दाराबाहेर हाक मारली. “ग्लेनिस, तुझी वही घेऊन ये.”

ग्लेनिसने सगळं ऐकलं. तिचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं.

“म्हणजे वुलीचा बाप...?”

“वुलीला तसं वाटतंय,” मिस म्हणाल्या.

“आणि मी अकरा माणसांच्या मागे तारखा विचारत फिरले! तुझ्या पॉपसाठी!” ग्लेनिस नेरिडाकडे वळली. “बाबा म्हणाले, पोरी, भाकरी करपतेय तुझी, आणि मी तिकडे बेट्सला विचारतेय, तू मंगळवारी म्हणालास की बुधवारी. स्वतःच्या नावावर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मेलेल्या माणसाला कशाला मध्ये घातलंस?”

“माझ्या नावावर धरला नसता.”

“मग नसता धरला!”

नेरिडाने मनात तयार ठेवलेली सगळी उत्तरं दुसऱ्याच भांडणाची होती.

“ग्लेनिस,” मिस म्हणाल्या, “तू हा शब्द स्वतःच्या कानांनी ऐकलास?”

“ऐकला.”

“माणसं माहीत आहेत? तारखा आहेत?”

“अकरा आहेत. पान तिच्याकडे आहे.”

“मग तो तुझा. बेचाळीस.”

“मला नको.”

“हवा की नको असं मी विचारलं नाही. कानावर पडला, तारखेसकट पडला, नियमात बसला. तुझा.” मग त्या नेरिडाकडे वळल्या. “वाचताना कुणाचं नाव घ्यायचं, ते तू ठरव. घरी ऐकत असतील.”

नेरिडाने खिशातून पान काढलं. बाबा अवेळी मेंढ्यांना पाणी द्यायला गेले होते ते तिला दिसलं. “खरं काय ते वाच,” ती ग्लेनिसला म्हणाली आणि पान तिच्या हातात कोंबलं.

शुक्रवारी सकाळी ग्लेनिस खुर्चीत बसली. गादी हिरवी नव्हती. गादीच नव्हती, साधी लाकडी खुर्ची होती. काचेच्या खोलीत आणखी एकालाच जागा होती. मिस म्हणाल्या, नेरिडा बसेल. बाकीची मुलं काचेला नाकं लावून बाहेर.

ग्लेनिस वाचू लागली. नेरिडाने तो आवाज चार महिने ऐकला होता, पण ओठ हलताना आज पाहत होती. ग्लेनिस घाई करत नव्हती. प्रत्येक माणसाचं नाव असं घेत होती, जणू तो माणूस दारात उभा आहे आणि त्याला आत बोलवायचंय. ओढ्याच्या पाण्यासारखं ते पुढे पुढे जात होतं. मी असं वाचलं नसतं, नेरिडाला वाटलं. मी भराभर वाचून ‘वा’ची वाट पाहिली असती. तिच्या छातीत ओळखीची कळ उठली.

“बेचाळिसावा,” ग्लेनिस म्हणाली. “क्षितिजावर येणाऱ्या गाडीची धूळ. रन उठलाय. ऐकला वुलीकडून, बेट्सकडून...” तिने अकराच्या अकरा नावं वाचली. मग थांबली. “केला नेरिडा हॅसलमने, टिंडारा. तिच्या पॉपनी नाही. ती सांगायला सांगतेय. ओव्हर.”

मग मिसनी एकेका वस्तीला हाक दिली. यांडरूहून बॅगटबाई म्हणाल्या, “कुणीही केलेला असो, मी तर म्हणणार बाई!” कुणी टाळ्या वाजवल्या, त्या कढईत पॉपकॉर्न फुटल्यासारख्या ऐकू आल्या. मग टिंडाराची पाळी.

बाबा रेडिओवर कधी बोलत नसत. आज त्यांचाच आवाज आला. “टिंडारा. ऐकलं आम्ही.” बटण दाबलेलंच होतं, श्वास ऐकू येत होता. “मला वाटलं होतं मला आठवतंय. अजूनही ऐकू येतो त्यांचा आवाज, रन उठलाय म्हणताना. आता ते काय ऐकू येतंय कुणास ठाऊक. नेरिडा आहे का तिथे? ओव्हर.”

बटण खुर्चीत बसलेल्याच्याच हाताशी होतं. ग्लेनिसने नेरिडाकडे पाहिलं. तिचा राग गेला नव्हता, कपाळावर आठी होती. पण तिने विचारलं, “काय सांगू?”

नेरिडाने बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. इतकी माणसं ऐकत होती. “सांग,” ती म्हणाली, “माझं चुकलं. पॉप बोट वर करायचे तेच खरं. तेच बाबांनी आठवावं.”

ग्लेनिसने बटण दाबलं. “नेरिडा इथेच आहे,” ती हळू, जाड आवाजात म्हणाली. “ती म्हणतेय, तिचं चुकलं. पॉप नुसतं बोट वर करायचे, तेवढंच खरं, आणि तुम्ही तेच आठवा. ओव्हर.”

मिसनी चष्मा काढला. आणि नेरिडाला, डोळे पुसत असतानाच, स्वतःची लाज वाटावी इतकं स्पष्ट जाणवलं, की आपली माफीसुद्धा या मुलीच्या तोंडी आपल्यापेक्षा चांगली वाटते.